मीठ कुठून येते?

तिसरीच्या एका वर्गात आम्ही फळ्यावर चार रकाने आखले. पहिल्याचे शीर्षक होते 'काल रात्री काय जेवलो'. पुढची तीन होती 'ते घरात कुठून आले', 'त्याआधी कुठे होते' आणि 'त्याच्याही आधी कुठे होते'. पहिला रकाना पाच मिनिटांत भरला : भात, डाळ, पोळी, बटाट्याची भाजी, सुकट, अंडे, दूध. दुसराही लगेच भरला : वाण्याचे दुकान, रेशन, मंडई. तिसऱ्या रकान्याशी वर्ग थबकला. एकाने 'टेम्पो' म्हटले. ज्याचे वडील भाजीचा धंदा करतात तो 'वाशीचा बाजार' म्हणाला. चौथ्या रकान्यात भातापुढे 'शेत' आले. दुधापुढे आधी 'पिशवी' आली, मग बरीच चर्चा होऊन 'म्हैस' आली.

मग आम्ही विचारले, "या सगळ्या पदार्थांत घातलेली एक गोष्ट तुम्ही सांगितलीच नाही. कोणती?" उत्तर यायला वेळ लागला. मीठ! ते कुठून येते? "पुडीतून." त्याआधी? "कारखान्यातून." एका मुलाने खाण म्हटले, आणि ते अगदीच चूक नाही, कारण सैंधव खाणीतूनच निघते. समुद्राचे नाव दोघांनी घेतले, पण समुद्रातून मीठ काढतात कसे, हे विचारल्यावर त्यांतला एक म्हणाला, "गाळून."

ही शाळा नाहूरची. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये नाहूर येते. इथले स्थानक तसे नवे, २००६ साली सुरू झालेले, पण गाव जुने आहे. पूर्वेकडे निघालो की द्रुतगती महामार्ग लागतो आणि त्याच्या पलीकडे ठाण्याच्या खाडीपर्यंत मिठागरांच्या जमिनी आणि खारफुटी पसरलेली आहे. शेजारच्या मुलुंड पूर्वेत एका रस्त्याचे नावच मिठागर रोड आहे. म्हणजे ताटातल्या एवढ्या पदार्थांपैकी जो एक पदार्थ या मुलांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पिढ्यानपिढ्या तयार होत होता, नेमके त्याचेच मूळ त्यांना ठाऊक नव्हते. दोष मुलांचा नव्हे. मिठागर त्यांना कोणी दाखवलेच नव्हते.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. लहान मुलांना शिकवण्याचा आमचा अनुभव तुटपुंजा आहे. पण 'अन्न' हा पाठ वर्गाबाहेर नेऊन शिकवायचा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मिठाकडे वळण्याआधी तो इतिहास थोडा पाहू.

बोर्डी, कोसबाड आणि वर्धा

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबत काम करत होत्या. माँटेसोरी पद्धत त्यांना मनापासून पटली होती, पण तिची साधने महाग होती आणि ती शहरातल्या सुखवस्तू मुलांपर्यंतच पोचत होती. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात (आजच्या पालघर जिल्ह्यात) बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ साली हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. विकतच्या साधनांची जागा शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. मोजणे, वर्गवारी करणे, लहान-मोठे ओळखणे हे सारे परिसरातल्या वस्तूंवर शिकवता येते, हे या दोघींनी करून दाखवले. आज देशभर रुळलेला 'अंगणवाडी' हा शब्द ताराबाईंच्या कामातून आला आहे.

कोसबाडची कुरणशाळा तर शिक्षकांनी आवर्जून आठवावी अशी आहे. गुरे चारायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच त्यांच्या मागोमाग कुरणात गेली. पोटापाण्याचे काम आणि शिक्षण यांच्यात भांडण आहे असे आपण गृहीत धरतो. इथे कामाच्या जागेलाच वर्ग केले होते.

दुसरा धागा वर्ध्याचा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा तयार केला आणि त्यातून 'नई तालीम' उभी राहिली. सेवाग्रामच्या शाळेत शेतीबाग आणि स्वयंपाकघर हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. धान्य किती लागेल, भाजी किती पिकली, खर्च किती झाला, हे मुले स्वतः मांडत. गणित, आरोग्य आणि निसर्गाचा अभ्यास त्यातून निघे. जगात इतरत्रही असे प्रयत्न झाले होते. अमेरिकेत जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागोला सुरू केलेल्या प्रयोगशाळेत मुले स्वयंपाक करत आणि त्यातून रसायनशास्त्राकडे वळत.

आपल्या खाडीच्याच काठावर, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या या केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी 'हलके-फुलके विज्ञान' ही पुस्तकमाला तयार केली. तिच्यातही शरीर आणि अन्न हा विषय मुलांच्या स्वतःच्या पाहण्यातून आणि करण्यातून उलगडत जातो. आपल्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकांचा हेतूही तोच आहे.

या सगळ्यांत एक सूत्र समान आहे. अन्नाची नावे आणि त्यांतली पोषकद्रव्ये पाठ केल्याने अन्न कळत नाही. ताटातला पदार्थ मागे मागे नेत त्याच्या मूळ जागेपर्यंत पोचले, की मग ते कळू लागते. प्रश्न एवढाच उरतो, की ती जागा शाळेच्या आवाक्यात आहे का? नाहूरला ती होती.

बांधावर

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही चाळीस मुले, त्यांच्या दोन बाई आणि चार पालक यांच्यासह निघालो. परवानगी आधी काढली होती आणि भरतीची वेळ पाहून ठेवली होती. खाडीकाठच्या चिखलात मुलांना उतरू द्यायचे नाही, बांध सोडायचा नाही, हे नियम सर्वांना तोंडपाठ करून घेतले होते. वाचकांपैकी कोणी अशी सहल नेणार असेल, तर या गोष्टी टाळू नयेत.

पहिली चूक आमची झाली. बांधावर पोचताच आम्ही बाष्पीभवनावर बोलू लागलो. दहा मिनिटांत निम्मी मुले खेकड्यांची बिळे मोजत होती. बाईंनी आम्हाला हळूच बाजूला घेतले आणि मुलांना सांगितले, "इथे तुम्हाला काय काय दिसते, ते आधी मला सांगा." मग माहिती येऊ लागली. जमीन सपाट आहे. तिचे चौकोन केले आहेत. चौकोनांच्या कडांना मातीचे बुटके बांध आहेत. काही चौकोन कोरडे पडून भेगाळले आहेत. कडेला पांढरी रेघ आहे. एका मुलीने ती रेघ बोटाने खरवडली आणि ओरडली, "बाई, मीठ!" चाखू नका, असे सांगायला आम्हाला धावावे लागले. मुंबईची खाडी आता चाखण्याजोगी राहिलेली नाही.

त्या मुलीचे आजोबा आगरात काम करत होते. तिने ते आम्हाला वर्गात सांगितले नव्हते, कारण आम्ही विचारले नव्हते. पुढच्या आठवड्यात आजोबा वर्गात आले. त्यांनी जे सांगितले त्यावर हा उरलेला भाग बराचसा उभा आहे.

मिठागराची रचना समजायला सोपी आहे. उधाणाच्या भरतीचे पाणी बांधातल्या दारातून आत घ्यायचे आणि मोठ्या तळ्यात साठवायचे. तिथे गाळ खाली बसतो. मग ते एकापुढच्या एका उथळ कप्प्यात सोडत न्यायचे. दर कप्प्यात ऊन आणि वारा थोडे थोडे पाणी उडवून नेतात आणि उरलेले पाणी अधिक खारे होते. शेवटच्या वाफ्यांत मिठाचे खडे धरतात. ते लाकडी दंताळ्याने ओढून बांधावर ढीग लावायचे.

पावसाळा संपला की हे काम सुरू होते. बांध दुरुस्त करायचे, वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची, नाहीतर पाणी मुरते आणि मीठ मातकट होते. थंडीच्या मध्यावर पहिले मीठ हाती येते आणि उन्हाळा हा खरा सुगीचा काळ असतो. पहिल्या पावसाला काम थांबते. आजोबा म्हणाले, "शेतकरी पावसाची वाट बघतो, आम्ही पाऊस लांबावा म्हणून देवाला हात जोडायचो." मिठाच्या बाबतीत मराठीत 'मीठ पिकते' असेच म्हणतात, आणि ज्या जागी ते पिकते ते 'आगर'. आगरी समाजाचे नाव याच शब्दाशी जोडले जाते.

खाडीत त्या सकाळी फ्लेमिंगोही होते. आपल्याकडे त्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. त्यांचा गुलाबी रंग ते जे खातात त्यातून, म्हणजे शेवाळातल्या आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतल्या रंगद्रव्यांतून येतो. 'आपण जे खातो त्याचेच आपले शरीर बनते' हे सांगायला याहून चांगले उदाहरण मुलांना मिळणार नाही. ठाणे खाडीच्या या पट्ट्याला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

ताट आणि पेला

सहलीनंतर वर्गात करायचा प्रयोग असा. खाडीचे पाणी आणायचे नाही, खारे पाणी वर्गातच बनवायचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वाण्याकडून ३५ ग्रॅम मीठ तोलून आणा आणि ते लिटरभर पाण्यात विरघळवा. यातले १०० मिलिलिटर पाणी एका पसरट ताटात आणि तेवढेच एका पेल्यात ओता. दोन्ही उन्हात ठेवा. आधी कोणते आटेल, हे मुलांना आधीच विचारून फळ्यावर लिहून ठेवा.

आमचे ताट वीस सेंटिमीटर व्यासाचे होते. त्यात पाण्याची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर भरली. पेल्यात तेच पाणी साडेतीन सेंटिमीटर उंच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताटात पांढरे मीठ होते. पेल्यातले पाणी आठवडा उलटला तरी शिल्लक होते. मिठागराचे चौकोन एवढे उथळ आणि एवढे पसरट का, याचे उत्तर मुलांनी आम्हाला दिले : "आजोबांनी समुद्र ताटात वाढला."

ताटातले खडे भिंगाखाली पाहा. बरेचसे चौकोनी दिसतील. आटण्याचा वेग कमी ठेवला, म्हणजे ताट सावलीत ठेवले, तर खडे मोठे होतात. ही तुलना मुलांनी स्वतः करावी.

दुसरा प्रयोग बटाट्याचा. वरच्या खाऱ्या पाण्यात बटाट्याची फोड टाका, ती बुडते. आता मीठ घालत राहा आणि ढवळत राहा. एक वेळ अशी येते की फोड वर येते. पाणी जितके खारे तितके ते जड. मिठागरातले पाणी पुढच्या कप्प्यात सोडण्याजोगे झाले की नाही, हे याच गुणधर्मावरून ओळखतात. त्यासाठी 'बोमे' नावाच्या अंशांत मोजणारे काचेचे तरंगते मापक वापरतात. समुद्राचे पाणी सुमारे ३ अंश भरते, आणि मीठ धरू लागते ते २५ अंशांच्या आसपास. तोवर मूळ पाण्याचे नऊ-दशांश उडून गेलेले असते.

मीठ धरण्याआधी पाण्यातला चुना आणि जिप्सम खाली बसतात. मीठ निघाल्यानंतर जे पाणी उरते त्यात मॅग्नेशियमचे कडू क्षार असतात आणि ते वेळेवर सोडून द्यावे लागते. या क्रमाचा पद्धतशीर अभ्यास उसिग्लिओ या रसायनतज्ज्ञाने १८४९ साली केला. आगरातल्या माणसांना हा क्रम त्याच्या कितीतरी आधीपासून हातांनी माहीत होता. मापक नसे तेव्हा कसे ओळखायचे, असे एका मुलाने विचारले. आजोबांनी दोन बोटे एकमेकांवर चोळून दाखवली : पाणी तेलासारखे बुळबुळीत लागले की समजायचे.

इतिहासाच्या तासाला मीठ

महाराष्ट्रात चौथीची मुले पिढ्यानपिढ्या शिवछत्रपतींचा इतिहास शिकत आली आहेत. त्यात गड येतात, लढाया येतात, मीठ क्वचितच येते. पण १६७१ साली महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला मिठासंबंधी पाठवलेले एक पत्र उपलब्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातले मीठ स्वस्त पडत होते. त्यामुळे व्यापारी तिकडे वळत आणि स्वराज्यातल्या मिठाचा खप बसे. तेव्हा बारदेशातून येणाऱ्या मिठावर मोठी जकात बसवावी, म्हणजे ते महाग पडेल आणि आपल्या आगरांचा धंदा टिकेल, असा त्या पत्राचा आशय आहे. मुलांना हे पटकन कळते. शेजारच्या गल्लीतला वाणी स्वस्त देऊ लागला तर आपल्या वाण्याचे काय होईल, एवढाच तो प्रश्न आहे.

इंग्रजी अमलात कराचा रोख फिरला. मिठावरचा कर आता स्थानिक आगराचे रक्षण करत नव्हता, तर सरकारचे उत्पन्न वाढवत होता, आणि तो सर्वांत गरीब माणसालाही चुकत नव्हता. भाकरीबरोबर कालवण नसले तरी मीठ लागतेच. म्हणूनच ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचलले तेव्हा त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. मुंबईत विलेपार्ल्याला जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची छावणी उभी राहिली. मे आणि जून महिन्यांत वडाळ्याच्या मिठागरांवर हजारो लोक चालून गेले. दक्षिणेला शिरोड्याच्या आगरात सत्याग्रह झाला. हा कर अखेर १९४७ साली रद्द झाला.

वडाळ्याची ती मिठागरे आणि नाहूरच्या पूर्वेची ही मिठागरे एकाच शहराच्या पूर्व काठावरची. इतिहासाच्या पुस्तकात 'मिठाचा सत्याग्रह' वाचणाऱ्या नाहूरच्या मुलाला ज्या जागेसाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या ती जागा दिसायला कशी असते हे पायी जाऊन पाहता येते, ही सोय देशातल्या फार थोड्या शाळांना आहे.

भाषेच्या तासालाही काम आहे. घरून मिठाचे वाक्प्रचार गोळा करून आणा, असे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी फळा भरला : खाल्ल्या मिठाला जागणे, मिठाचा खडा पडणे, जखमेवर मीठ चोळणे, तिखटमीठ लावून सांगणे. एका मुलाच्या आजीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट कशी काढतात ते सांगून पाठवले होते. मोहऱ्या तडतडतात त्या आतल्या ओलाव्याची वाफ होते म्हणून, हे आम्ही जोडून दिले. आजीची थट्टा केली नाही.

पुडीवरचा शब्द

सहलीनंतर मुले घरून मिठाच्या रिकाम्या पुड्या घेऊन आली. प्रत्येक पुडीवर 'आयोडीनयुक्त' असा शब्द होता. आजोबांच्या ढिगातल्या मिठात आयोडीन होते का? जवळजवळ नाही. समुद्राच्या पाण्यात आयोडीन फारच थोडे असते आणि मीठ धरताना तेही बहुतेक मागे राहते. 'समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीन आलेच' ही समजूत मोठ्यांतही आढळते, पण ती खरी नाही.

आयोडीन कमी पडले की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजते, म्हणजे गलगंड होतो. गरोदरपणी ते कमी पडले तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. हिमालयाच्या पायथ्याला हा प्रश्न मोठा होता. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात मिठातून आयोडीन देऊन पाहिले आणि शाळकरी मुलांमधला गलगंड कमी झाल्याचे दाखवले. त्याच पायावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ साली त्याचे नाव बदलून त्यात आयोडीनच्या अभावाचे सगळेच विकार घेतले गेले.

यासाठी मीठच का निवडले? कारण ते सगळे जण खातात, रोज खातात, आणि जवळपास सारखेच खातात. ज्या कारणाने मिठावरचा कर अन्यायाचा होता, त्याच कारणाने मिठातून दिलेले आयोडीन सर्वांपर्यंत पोचते. मोठ्या मुलांच्या वर्गात यावर एक तास चर्चा होऊ शकेल. मात्र आयोडीन मिळते म्हणून मीठ जास्त खायचे नाही. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक सपाट चमचा मीठ ताटलीत काढून मुलांना दाखवा. पापड, लोणचे, फरसाण, पाव यांतले मीठही त्यातच धरायचे असते, हे ऐकून मुलांपेक्षा पालकच अधिक चकित होतात.

चौथा रकाना

आता फळ्यावरच्या त्या चौथ्या रकान्याकडे परत येऊ. सहलीनंतर मिठापुढे मुलांनी 'मिठागर' लिहिले. मग एकाने विचारले, "सर, पण आमच्या घरातली पुडी इथल्याच मिठाची आहे का?" नाही. पुड्यांवरचे पत्ते वाचायला सांगितले, तर बहुतेक गुजरातचे निघाले. देशातले तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ आज गुजरातेत होते. तिथे पाऊस कमी, जमीन विस्तीर्ण आणि कोरडा हंगाम लांब. मुंबईच्या पूर्व काठावरच्या बऱ्याच आगरांत आता मीठ पिकत नाही. आम्ही पाहिलेले भेगाळलेले चौकोन त्यामुळेच तसे होते.

२०२४ साली कांजूर, भांडुप आणि मुलुंड इथल्या आर्थर, जेंकिन्स आणि जमास्प या मिठागरांची मिळून सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या भाड्याच्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. या निर्णयावर मतभेद आहेत. भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावून घेणारी सखल जमीन बांधली तर पाणी कुठे जाईल, ही शंका रास्त आहे. शहरातल्या माणसांना डोक्यावर छप्पर हवे, ही गरजही खोटी नाही. आमच्या वर्गातली बरीच मुले एका खोलीच्या घरांतून येतात. हा वाद आठ वर्षांच्या मुलांपुढे निकालासह मांडण्याचे काम आमचे नाही, शिक्षकांचेही नाही. पण ज्या जागेबद्दल वाद चालू आहे ती जागा कशासाठी होती, हे त्यांनी पाहिलेले असावे. पाहिले नाही तर पुढे त्यांना मतच बनवता येणार नाही.

म्हणून आमची शिक्षकांना विनंती आहे. आपल्या शाळेपासून चालत जाता येईल अशी, अन्न तयार होण्याची एक तरी जागा शोधा. ती मिठागरच असायला हवी असे नाही. पिठाची गिरणी, तबेला, मासळीचा धक्का, भट्टी असलेला पावाचा कारखाना यांतले काहीही चालेल. मध्य रेल्वेच्या रुळांलगत जागोजागी पालक, माठ आणि मुळ्याचे वाफे दिसतात. रेल्वेने 'अधिक धान्य पिकवा' या धोरणाखाली दिलेल्या जमिनींवर हे मळे उभे राहिले आहेत. मुलांना रुळांजवळ नेता येणार नाही, पण गाडीच्या खिडकीतून दाखवता येतात. त्यांना पाणी कुठले घालतात, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतील. घाण पाण्यातले जड धातू पानाच्या आत शिरले तर भाजी धुऊन ते जात नाहीत, हेही तेव्हा सांगता येईल.

आणि त्या जागी काम केलेली माणसे वर्गात बोलवा. आमच्या वर्गात ती चाळीस घरांतल्या एका घरात होती, आणि सहल झाली नसती तर आम्हाला कळलीही नसती. आजोबा जाताना मुलांनी त्यांना ताटातले मीठ कागदाच्या पुडीत बांधून दिले. त्यांनी पुडी उघडून खडे चिमटीत धरले, उजेडाकडे नेऊन पाहिले आणि म्हणाले, "बारीक आहे. घाई केलीत. पुढच्या वेळेला सावलीत ठेवा."

पुढच्या वेळेला आम्ही ताट सावलीत ठेवले. खडे मोठे आले.